विहिरीत शिकलेलं पोहणं आणि साडेपाचचा योगवर्ग

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"माझं वय ४३. यवतमाळ जिल्ह्यात, शहरापासून स्कूटीनं अर्ध्या तासावरच्या खेड्यात राहते आणि शहरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. गावच्या समाजमंदिरात पहाटे साडेपाचला योगवर्ग भरतो, तिथे वर्षभरापासून आठवड्याचे सहा दिवस जाते. बारा सूर्यनमस्कार, मग भुजंगासन, शलभासन, धनुरासन आणि शेवटी कपालभाती. होळीनंतर शहरातल्या तलावावर महिलांची सकाळी आठची बॅच सुरू झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिथे जाते. लहानपणी मामाच्या विहिरीत पोहायला शिकले होते, आता पंचवीस मीटरच्या चोवीस फेऱ्या होतात. डबे करून निघायचं म्हणून साडेचारला उठते, झोपायला अकरा होतात. सकाळी चहा, मग थेट दुपारी दीडला डबा. दीड महिन्यापासून कंबर धरते आणि केस बांधायला हात वर नेला की उजवा खांदा ठणकतो. योगवर्गाचे सर म्हणतात, पोहण्यानं अंग आखडतं, ते बंद करा. तलावावरचे कोच म्हणतात, 'योगानं खांदे ढिल्ले झाले तुमचे.' सासूबाईंचं म्हणणं, 'दोन-दोन कायले करतं वं? एक सोडून दे ना.' मला एकही सोडायचं नाही. एकाच दिवशी दोन्ही चालतं का? आधी काय करावं? तलावावर मुली एका दमात फेरी मारायची पैज लावतात, मी काठावर कपालभाती करून उतरले की जरा जास्त अंतर जाते, तर त्यानं दम वाढतो का? आणि क्लोरीननं नाक चोंदतं म्हणून सरांनी जलनेती (एका नाकपुडीतून कोमट पाणी घालून दुसरीतून काढणं) सांगितली आहे, ती करू का?"

ताई,

चालतं. सोडायचं काहीच नाही. काठावरच्या कपालभातीबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, पण उद्या बॅच असेल तर एवढं आधी ऐका: ती आजपासून बंद.

'आधी काय' हा प्रश्न मात्र थोडा बाजूला ठेवते. तुमची कंबर आणि खांदा क्रम चुकल्यामुळे दुखत असतील असं मला वाटत नाही. पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, मामाच्या विहिरीत शिकले म्हणून. दुखण्याचं मूळ तिथे असावं.

विहिरीत शिकलेलं माणूस तलावात लांबून ओळखू येतं. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून वरून ढकललेलं पोर सगळ्यात आधी काय शिकतं, तर डोकं पाण्याबाहेर ठेवायला. विहिरीत सरळ जायला जागाच नसते. गोल फिरायचं, पायऱ्या कुठे आहेत ते बघत राहायचं, वरून कोण मुटका मारतंय त्याच्यावर लक्ष ठेवायचं. त्याला मान वर आणि छाती पुढे हीच रीत बरोबर. जीव वाचवायला हे पोहणं उत्तम आहे, आणि ज्यांना ते येतं त्यांना पाण्याची भीती नसते, हे काही थोडकं नाही. पण तेच पोहणं तलावात सहाशे मीटर ओढलं की शरीर कुरकुरायला लागतं.

कारण साधं आहे. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. तोंड पाण्यात असेपर्यंत त्याचा बहुतेक भार पाणीच उचलतं. डोकं बाहेर काढलं की तो भार मानेवर येतो, कंबर खोल जाते आणि पाय खाली बुडतात. पाय बुडाले की पाणी जास्त अडवतं. मग आपण हातानं पाणी मागे लोटायचं सोडून खाली दाबत बसतो, डोकं वर राहावं म्हणून. खांद्याचं मरण इथे असतं. हौशी पोहणारा पंचवीस मीटरला साधारण वीस ते पंचवीस हात मारतो. तुमच्या चोवीस फेऱ्यांचे झाले पाचशे ते सहाशे हात. उजवाच खांदा का, तर तो कामाचा हात. कणीक मळण्यापासून स्कूटीच्या ॲक्सिलरेटरपर्यंत सगळं आधीच त्याच्या वाट्याला आलेलं आहे.

आणि एवढा सगळा वेळ कंबर मागच्या बाजूला वाकलेली. पालथं पडून, मान वर, छाती वर, पाय मागे. थोडक्यात तुम्ही पाण्यावर वीस-पंचवीस मिनिटं भुजंगासन करत आहात.

आता वर्गाचा हिशेब करा. एका सूर्यनमस्कारात दोनदा हात वर नेऊन मागे वाकणं आहे आणि एकदा भुजंगासन. बारा नमस्कारांत छत्तीस वेळा कंबर मागे. पाय मागे टाकून छाती उचलता ते मी धरलेलंच नाही. त्यावर वेगळं भुजंगासन, शलभासन, धनुरासन. मग स्कूटीवर अर्धा तास, मग तलाव, मग काउंटरमागची खुर्ची. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण सकाळी साडेपाच ते नऊ या वेळात कंबर एकाच दिशेला वाकते आहे, उलट बाजूला तिला कुणी नेतच नाही. खांद्याचंही तसंच. अष्टांगासनात छाती खाली उतरवताना शरीराचा बराच भार हातांवर येतो. सूर्यनमस्कार जोर-बैठकांच्या घराण्यातला व्यायाम आहे, खांद्याला तो मेहनतच वाटतो. बारा नमस्कार घालून दीड-दोन तासांत सहाशे हात मारायला उतरायचं म्हणजे थकलेल्या खांद्यालाच पुन्हा कामाला जुंपणं.

सरांना दोष देऊ नका. वर्गात तुमच्या शेजारच्या चटईवर कोण आहे ते बघा. बहुतेक जणी दिवसभर शेतात वाकलेल्या असणार. निंदण, कपाशीची वेचणी, सोयाबीनची सोंगणी, सगळं पुढे वाकून. त्यांच्यासाठी पहाटेचं भुजंगासन आणि शलभासन अगदी बरोबर औषध आहे. सरांनी वर्ग त्यांच्यासाठी बसवला असेल तर तो चांगला बसवला आहे. तुमचं काम खुर्चीवरचं आणि व्यायाम पाण्यातला, म्हणून तुमची गरज वेगळी. एवढंच.

कोचच्या म्हणण्यातही अर्धं खरं आहे. पोहण्याच्या अगदी आधी एखादा स्नायू मिनिटाहून जास्त वेळ ताणून धरला, तर पुढचा थोडा वेळ त्याचा जोर कमी पडतो. पण तुमचा वर्ग साडेसहाला सुटतो आणि बॅच आठची. तोवर तो परिणाम बराचसा ओसरलेला असतो. वर्षभर योग करून खांदे 'ढिल्ले' होऊन दुखायला लागले, हे काही मला पटत नाही. तसं असतं तर होळीच्या आधीच दुखले असते.

आता क्रमाकडे येऊ. यात तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मी घुसवणार आहे, ती म्हणजे झोप. रात्री अकरा ते पहाटे साडेचार म्हणजे साडेपाच तास. त्यावर एक तास योग, पाऊण तास पोहणं, आठ तास नोटा मोजणं आणि घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाक. स्नायूंची डागडुजी झोपेत होते. ती झाली नाही की जे दुखणं दोन दिवसांत जायचं ते दीड महिना मुक्काम ठोकतं. म्हणून माझा सल्ला असा: सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटेच्या वर्गाला जाऊ नका. साडेचारऐवजी पावणेसहाला उठा. सकाळी तलाव, संध्याकाळी घरी वीस-पंचवीस मिनिटं योग. मंगळवार, गुरुवार, शनिवार वर्ग नेहमीसारखा, थोडे बदल करून. रविवारी दोन्ही बंद. सरांना स्पष्ट सांगा की तीन दिवस येणार नाही. खाडा पडला म्हणून कुणी फळ्यावर नाव लिहीत नाही.

पोहण्याच्या दिवशी पाण्यात उतरण्याआधी कोरड्यात पाच-सात मिनिटं द्या. ताण धरून बसायचं नाही, अंग हलवायचं. चार पायांवर येऊन मार्जारासनाचे, म्हणजे पाठ आळीपाळीनं वर-खाली करण्याचे, आठ-दहा सावकाश फेरे. उभं राहून दोन्ही हातांचे मोठे गोल, पुढून आणि मागून. मग भिंतीला पाठ टेकून, कोपरं वाकवून हात भिंतीवरूनच वर-खाली सरकवायचे. यात खांद्याची पाती एकमेकींकडे येतात, आणि पोहताना खांद्याला सांभाळणारे स्नायू तिथेच असतात. वर जाताना दुखलं तर दुखण्याच्या अलीकडे थांबा. सूर्यनमस्कार पोहण्याआधी नको, निदान खांदा शांत होईपर्यंत तरी.

पाण्यात तीन आठवडे फेऱ्या निम्म्या करा. बारा पुरे. हे तुम्हाला आवडणार नाही, चोवीसवर पोचायला कष्ट पडले असतील. पण या बारा फेऱ्यांत तुम्हाला पोहणं बदलायचं आहे.

सुरुवात काठ धरून. चांगला बसणारा गॉगल घ्या, त्याशिवाय डोळे उघडायची हिंमत होत नाही. दोन्ही हातांनी काठ धरा, तोंड आणि नाक पाण्यात घाला आणि आत 'हूं' म्हणत बुडबुडे सोडा. सगळी हवा बाहेर. मग मान वर उचलायची नाही, बाजूला वळवायची. एक कान पाण्यातच, एक डोळा पाण्यातच, तोंडाचा कोपरा बाहेर, तेवढ्यात श्वास. पुन्हा आत. विहिरीत शिकलेल्यांना हे फार जड जातं. बोटं काठाला घट्ट आवळली जातात, श्वासासाठी वळवायच्या आधीच मान वर झटका देते, नाकात पाणी जातं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. येऊ द्या. दहा-दहा श्वासांचे दोन-तीन फेरे प्रत्येक बॅचला केले की पंधरा दिवसांत मानेला कळतं. मग पोहताना नजर समोरच्या काठाकडे ठेवायची नाही, खाली तळावरच्या काळ्या पट्टीकडे ठेवायची. नजर खाली गेली की मान सैल होते, कंबर वर येते, पाय आपोआप वर येतात. पहिल्यांदा हे नीट जमतं तेव्हा हात हलका लागतो, तो फरक तुम्हाला लगेच कळेल.

सुरुवातीला चार फेऱ्यांत धाप लागेल. बहुतेक वेळा त्याचं कारण असं असतं की पाण्यात श्वास सोडायचा राहून जातो, आणि बाहेर तोंड आलं की सोडायचा आणि घ्यायचा अशी दोन्ही कामं एका क्षणात करावी लागतात. आत सगळा सोडा, बाहेर फक्त घ्या. मधल्या फेऱ्यांत पाठीवर पडून नुसते पाय मारा, हात अंगालगत. खांद्याला विसावा मिळतो आणि कंबर सरळ राहते. फळी धरून पाय मारत असाल तर तेव्हाही तोंड पाण्यात. फळी धरून डोकं वर ठेवणं म्हणजे पुन्हा तीच कंबर, तीच कमान. आणि हे सगळं दाखवायला कोच आहेतच. त्यांना 'माझा खांदा का दुखतो' असं विचारू नका, 'माझं डोकं किती वर राहतं ते बघा' असं सांगा. उत्तर जास्त कामाचं मिळेल.

संध्याकाळचा योग स्वयंपाकाआधी, दुपारचा डबा खाऊन निदान तीन तास झाल्यावर. पुढे वाकणं, पीळ आणि आराम, एवढाच त्याचा आवाका ठेवा. शशांकासनात कपाळ जमिनीला टेकून दहा-बारा सावकाश श्वास. टाचांवर बसवत नसेल तर मध्ये उशी घ्या. मग पाठीवर झोपून पवनमुक्तासन, आधी एक पाय, मग दुसरा, मग दोन्ही. झोपूनच दोन्हीकडे पीळ, गुडघे एका बाजूला, नजर दुसरीकडे. उठून दाराच्या चौकटीला कोपर खांद्याच्या खाली टेकवून छाती हलकेच पुढे न्या, कारण पोहणाऱ्यांची छाती पुढून आखडते आणि खांदे पुढे ओढले जातात. शेवटी पाय भिंतीला लावून पाच मिनिटं पडून राहा, मग शवासन. तेवढ्यात कुणी 'भाजी काय करायची' विचारायला आलं तर डोळे उघडू नका.

संध्याकाळ अजिबात निघत नसेल तर तलावावरच कपडे बदलून दहा मिनिटं यातलं, शशांकासन सोडून, करता येईल. पण दोन गोष्टी सांभाळा. पाण्यातून बाहेर आल्यावर शरीरावरचा पाण्याचा दाब एकदम जातो, रक्त पायांकडे उतरतं, आणि पटकन उभं राहिलं की गरगरतं. म्हणून आधी बसा, पाणी प्या, मग चटई. आणि पोहल्यावर लगेच डोकं खाली घालणारी आसनं टाळा. कपाळात अडकलेलं पाणी खाली वाकताच नाकातून धार लागावी तसं येतं, आणि जिथे जातं तिथे क्लोरीननं चुरचुरतं. सर्वांगासन, शीर्षासन तर नकोच.

मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या वर्गात दुखणं थांबेपर्यंत सहाच नमस्कार घाला आणि अष्टांगासनात आधी गुडघे टेकवा. धनुरासनाच्या वेळी तुम्ही सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं) करा. भुजंगासनात कोपरं जमिनीवर ठेवून अर्धंच उठा. सगळ्यांचं पालथं पडून होतं तेव्हा शेवटी तुम्ही गुडघे वाकवून पश्चिमोत्तानासन घ्या. सरांना आधी कानावर घाला, नाहीतर भर वर्गात 'ताई, चुकलं' असं होईल. दुखणं गेलं की सगळ्यात आधी शलभासन परत आणा. ते खांद्याच्या पात्यांमधले आणि पाठीचे स्नायू बळकट करतं, आणि पोहणाऱ्याला नेमके तेच लागतात. धनुरासन सर्वात शेवटी.

आता कपालभाती. याबाबत मी अजिबात ढील देणार नाही.

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही, मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. काठावर भराभर कपालभाती, भस्त्रिका किंवा नुसते जोरजोरात श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड उतरतो. ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. मग पाण्याखाली गेल्यावर 'वर ये' असं सांगणारी तगमग उशिरा सुरू होते. तुम्हाला वाटतं दम वाढला. खरं तर धोक्याची सूचनाच बंद पडलेली असते. ती वाजायच्या आत ऑक्सिजन संपतो आणि पाण्यातच शुद्ध जाते. आरडाओरडा नाही, हातपाय झाडणं नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं बाई तळाला काहीतरी बघते आहे. छातीएवढ्या पाण्यात, चांगले सराईत पोहणारे अशानं गेले आहेत. तुम्ही 'जरा जास्त अंतर जाते' असं लिहिलंत ते वाचून मला घाम फुटला. काठावर कपालभाती नाही, पाण्यात कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही, एका दमाची पैज नाही. त्या मुलींनाही सांगा, आणि कोचना सांगून ती पैजच बंद करायला लावा.

पहाटेच्या वर्गातल्या कपालभातीचा हा परिणाम काही मिनिटांत ओसरतो, त्यामुळे मंगळवार-गुरुवारी ती करायला हरकत नाही. बीपी, हर्निया किंवा पोटाचं ऑपरेशन असलं काही असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाण्यातला दम खरोखर वाढवायचा तर वर लिहिलेलं बुडबुड्यांचं काम करा आणि संध्याकाळी अनुलोम-विलोम करा, श्वास न रोखता, सोडणं घेण्यापेक्षा लांब.

जलनेती करू शकता, एका अटीवर. पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळलेलं आणि मग कोमट होऊ दिलेलं हवं. नळाचं, बोअरचं, विहिरीचं, फिल्टरचं कितीही स्वच्छ दिसलं तरी तसंच नाकात घालू नका. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट गोड्या पाण्यात असतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोचतो, आणि मग माणूस वाचणं दुर्मीळ. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूत अमीबा शिरण्याचे रुग्ण आढळले, ते वर्तमानपत्रांत तुम्ही वाचलंच असेल. घाबरून नेती सोडायची गरज नाही, पातेलं गॅसवर ठेवायचा आळस करायचा नाही इतकंच. नेतीचं भांडंही उकळलेल्या पाण्यानंच धुवा. आणि नेती पोहण्याआधी नको, पोहून घरी आल्यावर. नाक चोंदणं कमी करायला पोहण्याआधी तलावाच्या नळाखाली अंग आणि केस नीट भिजवून घ्या. घाम-तेल घेऊन उतरलं की क्लोरीनशी त्याचं मिश्रण होतं आणि तो उग्र वास आणि चुरचुर त्यातूनच येते. खोबरेल तेल चोपडून उतरणाऱ्या मैत्रिणींना हे जरा गोडीनं सांगा.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, पण चहावर दीड वाजेपर्यंत राहणं बंद करा. निघताना एक केळं किंवा तीन-चार खजूर. पोहून झाल्यावर तासाभरात नीट काहीतरी: घट्ट वरण आणि ज्वारीची भाकर, मोड आलेल्या मुगाची उसळ, खात असाल तर दोन अंडी. पतसंस्था दहाला उघडते, त्याआधी पंधरा मिनिटं काढता येतात. गूळ-फुटाणे पर्समध्ये ठेवा. आणि पाणी. पाण्यात असल्यामुळे घाम येतो ते कळत नाही, पण येतो. वैशाख-ज्येष्ठात विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो, त्या दिवसांत पोहून स्कूटीवरून उन्हात जायचं असेल तर एक बाटली मीठ-साखरेचं पाणी जवळ असू द्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताकही चालेल, पण डब्यात दुपारपर्यंत आंबून जातं.

सासूबाईंना उत्तर द्यायचं असेल तर भांडू नका, अमरावतीचं उदाहरण द्या. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक आपले व्यायामप्रकार दाखवायला जर्मनीला गेलं होतं. कुस्ती, मल्लखांब, योग, पोहणं असं सगळं तिथे एकाच आवारात चालतं. आपल्या भागाला दोन-दोन व्यायामांचं नवल नाही. सासूबाईंचा खरा मुद्दा बहुधा हा असेल की तुम्ही थकलेल्या दिसता. तो बरोबर आहे, आणि तीन दिवस सव्वा तास जास्त झोपलात की तो मिटेल.

तीन आठवडे हे करून बघा. कंबर तोवर बरीच सुटायला हवी, खांदा थोडा जास्त वेळ घेतो. वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं ते या लक्षणांवर: कंबरेची कळ नितंबातून गुडघ्याखाली उतरते, पायाला मुंग्या येतात किंवा पाऊल बधिर वाटतं, खांद्याच्या दुखण्यानं रात्री जाग येते, त्या कुशीवर झोपवत नाही, किंवा हात डोक्याच्या वर नेताच येत नाही. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवा म्हणून आपणहून सांगा. जाताना कोणत्या आसनात, पोहताना हात नेमका कुठे असताना आणि दिवसाच्या कोणत्या वेळी दुखतं ते कागदावर लिहून न्या. 'सगळंच दुखते जी' म्हटलं की हातात नुसती वेदनाशामक गोळी पडते.